चिकपेटच्या पायरीवरचे रविवार

भाऊजी, काल रविवार होता. मुनियप्पा मेस्त्री सकाळीच घण, छिन्नी आणि सिमेंटची पाटी घेऊन दुकानासमोर हजर झाला. तुमचं दिवसकार्य आटोपल्यावर यायला मीच त्याला सांगून ठेवलं होतं. आल्या आल्या त्यानं गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. तुम्ही येताय का, हे बघायची त्याला सवयच लागलीय. मग आठवलं असावं, कारण त्यानं डोक्याचं फडकं काढलं आणि नुसताच खाली बघत उभा राहिला. मला मात्र आधी तुमचा रागच आला. म्हटलं, बघा, माणूस गेला तरी गवंड्याचं काम काही सुरू होत नाही.

रागच सांगायला बसलोय. चांगलं बोलणाऱ्यांचं बोलून झालंय. तुमच्या ऑफिसातले साहेब बोलले, बनशंकरीतल्या तुमच्या घराचे शेजारी बोलले. शांत माणूस, सालस माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, यातल्या एकानंही तुम्हाला रविवारी आमच्या गल्लीत बघितलेलं नाही.

आमची पायरी तुम्हाला वेगळी सांगायची गरज नाही. पण तुम्ही तिच्याकडे कधी पायरी म्हणून बघितलंच नाहीत, म्हणून सांगतो. चिकपेटेतलं आमचं साड्यांचं दुकान, वर राहतं घर, आणि दोन्हींच्या तोंडाशी आजोबांच्याही आधीपासून पडलेला तो एक अखंड दगड. त्याचा कोपरा गल्लीत पुढे आलेला. गठ्ठे आणणारा हमाल तिथे ठेचकाळतो. लग्नाचा बस्ता काढायला आलेल्या बाया एकमेकींना सावरत आत येतात आणि आल्या आल्या भाव पाडून मागतात, कारण अंगठा दुखत असतो. समोरच्या दुकानदारानं काचेचं दार बसवलं, खाली गुळगुळीत ग्रॅनाइट घातलं, आणि आमची पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइकं तिकडे वळायला लागली. मला तो दगड काढायचा होता. दिवाळीच्या आधी, नाही जमलं तर लग्नसराईच्या आधी, नाहीतर युगादीच्या, म्हणजे तुमच्या पाडव्याच्या आधी. दुकान बंद असतं फक्त रविवारी, म्हणून मेस्त्री यायचा रविवारी. तुमच्या ऑफिसला सुट्टी रविवारी, गल्ली मोकळी रविवारी, म्हणून तुम्हीही रविवारीच. एकाला तो दगड फोडायचा होता, दुसऱ्याला तो मोजायचा होता, आणि मधे मी, माझी हक्काची सुट्टी घालवून.

याचं मूळ तुमच्या त्या इंटरनेटवरच्या नकाशात. सगळी नोकरी तुम्ही कागदाचे नकाशे काढण्यात घालवलीत, तोवर आमची काही तक्रार नव्हती. मग एक दिवस तुम्ही दुकानात आलात आणि कुणाला न विचारता कपाटातल्या पातळ व्हॉइलच्या साड्या काढून गादीवर एकावर एक पसरल्यात. ‘‘किट्टू, ही रस्त्यांची. ही तळ्यांची. ही देवळांची. आता वरून बघ, सगळं एकदम दिसतं की नाही? नकाशाचे असे थर करायचे आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. जगात कुठेही बसलेल्या माणसानं टेलिफोनच्या तारेवरून मागायचं, मला रस्ते आणि तळी दाखव, देवळं नकोत. कॉम्प्युटर तेवढेच थर घेणार, एकावर एक घालणार, चित्र करून पाठवणार.’’ मी विचारलं, साड्यांच्या घड्या कोण घालणार. तुम्ही घातल्यात. सगळ्या उलट्या. पदर आत आणि काठ बाहेर. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी घातल्या.

पण तुम्ही बोलत होतात तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, हे खोटं कशाला बोलू. ‘‘कागदावर एकदा छापलं की संपलं रे. चूक असली तर ती लोकांच्या घरात जाऊन बसते, आणि आपण तिला परत बोलावू शकत नाही. हा नकाशा कधी छापून पुरा होतच नाही. आज रस्ता बदलला, उद्या नकाशा बदलला.’’ पुण्याहून बंगळुरात आलेला, जेवताना चार शब्द बोलणारा माणूस त्या दिवशी माझ्या गादीवर मांडी घालून तासभर बोलत होता. आमच्या अक्कानं तुमच्यात काय बघितलं होतं ते मला तेव्हा थोडं कळलं.

मग तुम्ही मला अव्हेन्यू रोडवरच्या सायबर कॅफेत नेलंत. नवीनच उघडला होता, बसायला रांग. आपला नंबर आला, मोडेम किंचाळलं, आणि नकाशा यायला लागला. यायला लागला म्हणजे काय, वरून खाली एकेक पट्टी उतरत होती. मधेच लाइन तुटली. पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, भाऊजी, एवढ्या वेळात मी चालत जाऊन गल्ली बघून आलो असतो. तुम्ही म्हणालात, तू असतास रे, पण अमेरिकेतला माणूस कसा चालत येणार. अमेरिकेतल्या माणसाला आमच्या गल्लीशी काय करायचंय, हे तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. अखेर पेठ आली. तुम्ही तिच्यावर क्लिक केलंत. पुन्हा पट्ट्या. मग आमची गल्ली मोठी होऊन आली आणि दुकानाचा लाल ठिपका आला.

तो ठिपका समोरच्याच्या दुकानात होता.

अख्ख्या बंगळुरात कुठेही पडला असता तरी चाललं असतं. तळ्यात पडला असता तर मी हसलो असतो. काचेच्या दाराच्या आत, नेमका त्याच्या गल्ल्यावर. आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘‘एवढी चूक धरावीच लागते.’’ तुमचं ते हातात मावणारं यंत्र आकाशातल्या उपग्रहांना विचारून आपण कुठे उभे आहोत ते सांगतं, इथवर मला समजलं होतं. पुढचं तुम्ही तेव्हा सांगितलंत, की अमेरिकावाले त्या उत्तरात मुद्दाम थोडी चूक कालवून पाठवतात, त्यांच्या सैन्याच्या कारणांसाठी. ‘‘म्हणजे ते खोटं बोलतात हे तुम्हाला माहीत आहे,’’ मी म्हटलं, ‘‘तरी तुम्ही त्यांनाच विचारता.’’ तर म्हणे, ‘‘दर वेळी वेगळं खोटं बोलतात ना. पुष्कळदा विचारायचं आणि सरासरी काढायची. खरं जवळ येतं.’’

ती सरासरी म्हणजे माझे रविवार. सकाळी बनशंकरीहून बसनं यायचात, खांद्याला झोळी, झोळीत यंत्र, मोजायची टेप, छत्री. पायरीच्या पुढे आलेल्या कोपऱ्यावर माझं स्टूल, स्टुलावर यंत्र, यंत्रावर छत्री, आणि छत्रीखाली तुम्ही नाही, तुम्ही उन्हात. आमच्या गल्लीत आकाश ते केवढं, पसरलेल्या साडीएवढं. तेवढ्यातून उपग्रह दिसायचे म्हणजे वाट बघावी लागायची. टेपचं दुसरं टोक धरून मी गल्लीच्या टोकाच्या देवळाच्या कोपऱ्याशी उभा. येणारा जाणारा विचारायचा, काय चाललंय किट्टण्णा, गल्ली विकली का. एकदा पोलीस आला. तुमच्या कन्नडात शब्द दोन, स्वल्प म्हणजे जरा आणि सरी म्हणजे बरं. त्यानं काय विचारलं तरी तुम्ही सरी म्हणत होतात. यंत्रानं काय करता, हेरगिरी का, असं त्यानं विचारलं, त्यालाही सरी. मी धावत आलो नसतो तर तुमची सरासरी चौकीत काढावी लागली असती.

आणि मेस्त्री आला की तुमचं तिसरं कन्नड बाहेर यायचं. ते नीट म्हणता यावं म्हणून तुम्ही अक्काकडून पाठ करून घेतलं होतंत. ‘‘मेस्त्री, मुंदिन भानुवारा.’’ पुढच्या रविवारी. तो बिचारा पाटी उचलायचा आणि जायचा. तुम्ही मोठे, जावई, त्यात सरकारी नोकर. माझं दुकान, माझा दगड, गवंडी मी बोलावलेला, आणि त्याला परत पाठवणार तुम्ही.

भांडलो नाही असं नाही. मी म्हटलं, ठिपकाच सरकवायचा आहे ना, बोटानं सरकवा, कोण बघतंय. तुम्ही मला आमच्याच धंद्यातलं सांगितलंत. साडीवर दुसऱ्या रंगाचा ठसा मारताना कारागीर कोपऱ्यातली खूण धरतो. खूण सुटली की फूल एकीकडे आणि त्याची रेघ दुसरीकडे. ‘‘पेठेचा जुना कागदी नकाशा कॉम्प्युटरवर चढवायचा तर मला अशी खूण लागते, जी कागदावरही आहे आणि जमिनीवरही. कागदावरची निम्मी पेठ आता राहिलेली नाही. तुमच्या पायरीचा हा कोपरा त्यात काढलेला आहे आणि अजून जागेवर आहे. मी सगळी पेठ याला धरून बसवतोय, किट्टू.’’

‘‘तुम्हीच म्हणता हा नकाशा रोज बदलता येतो. मग मी पायरी काढली की तुम्ही बदला.’’

‘‘सगळं हलवता येतं रे. ज्याला धरून हलवायचं, तेवढं मात्र हलवायचं नसतं.’’

‘‘मग दुसऱ्या कुणाच्या दारातला दगड धरा.’’

‘‘दुसऱ्याच्या दारात मला कॉफी कोण देणार?’’

मी तेव्हा हसलोसुद्धा नाही. इतका चिडलो होतो.

एक मात्र आहे, आणि ते रागाच्या भरात राहून जायला नको. अप्पांनी दुकान माझ्या हाती देऊन अंग काढून घेतल्यावर ते दिवसभर वर खिडकीत बसून असायचे. जेवलात का आणि औषध घेतलंत का, याशिवाय त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. तुम्ही त्यांना खाली आणलंत. हात धरून पेठेत फिरवलंत आणि प्रत्येक बोळाचं नाव विचारलंत. पाटीवरचं नाही, लोक घेतात ते. फणीवाल्यांची बोळ, दोन विहिरींची गल्ली, जाईवाल्या म्हातारीचा कोपरा. ऑफिसात साहेबांनी हरकत घेतली, कागदोपत्री नसलेली नावं सरकारी नकाशात कशी. तर तुम्ही त्यांचा वेगळा थर केलात. ज्याला नको त्यानं मागवू नये. बोळावर क्लिक केलं की बाजूला छोटी चौकट उघडते आणि अप्पांनी सांगितलेलं नाव येतं. अप्पांना कॅफेत नेऊन ते दाखवलंत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावलं आणि म्हणाले, ‘‘ही बोळ सरळ काय काढलीय, ती टोकाला वाकते.’’ पुढच्या खेपेस नेलंत तेव्हा ती वाकलेली होती. अप्पा घरी येऊन प्रत्येकाला सांगत होते, मी म्हटलं आणि बंगळूरचा नकाशा बदलला. जाईपर्यंत सांगत होते. त्यासाठी मी तुमचा जन्माचा ऋणी आहे. तुमच्या समोर हे म्हणालो असतो तर तुम्ही सरी म्हणाला असता आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं असतं.

शेवटच्या रविवारचं मला सहन होत नाही ते असं, की त्यात काहीच नव्हतं. मी म्हटलं, भाऊजी, या वेळी मी ऐकणार नाही, दिवाळी तोंडावर आलीय, समोरच्याकडे आताच गर्दी आहे. तुम्ही यंत्राकडे बघत होतात. मी म्हटलं, तुम्हाला माझ्या धंद्याची जरा तरी काळजी आहे का. तुम्ही म्हणालात, स्वल्प थांब, एक उपग्रह येतोय. मग मेस्त्रीला तुमचं ते कन्नड ऐकवलंत, झोळी भरलीत आणि बसला गेलात. माणसं जाताना दोन गोष्टी बोलून जातात, निदान मुलाबाळांकडे बघा एवढं तरी म्हणतात. आपल्यात शेवटचं काय झालं, तर उपग्रह येतोय.

बुधवारी दुपारी अक्काचा फोन आला. बनशंकरीचा तुमचा फोन म्हणजे कायम एंगेज्ड. तुम्ही ऑफिसला जातानाही ती लाइन कॉम्प्युटरला लावून ठेवणार आणि आम्ही इकडे तिथीवारांची, बारशाची निरोपानिरोपी शेजाऱ्यांच्या फोनवरून करणार, यावरून किती बोललोय तुम्हाला. त्यामुळे ‘किट्टू, घरूनच बोलतेय’ असा अक्काचा आवाज आला, तेव्हा ती पुढे काही बोलायच्या आधीच मी गल्ला बंद करायला लागलो. दुपारच्या वेळी त्या घरातून फोन लागतोय, म्हणजे कॉम्प्युटर बंद आहे.

सुतकाच्या दिवसांत तुमच्या ऑफिसातल्या शारदा मॅडम बनशंकरीला भेटायला आल्या होत्या. तुमच्या हाताखाली नकाशाचं काम करणाऱ्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सरांचा नकाशा चालू राहील, तुम्ही काळजी करू नका. मी म्हटलं, नकाशाची कोण काळजी करतंय, मला एकच सांगा, पायरीचं काम किती राहिलंय. मी आणखी थांबायला तयार होतो, भाऊजी. दिवाळी जाऊ दे म्हटलं असतं. तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘‘पायरीचं? ते युगादीलाच संपलं. ठिपका बरोबर जागेवर आहे. सरांनीच तपासून पक्का केला. आता तो दगड असला काय, नसला काय, नकाशाला फरक पडत नाही.’’

युगादीला. मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. शोकानं नाही, संतापानं. युगादीनंतरचा सगळा उन्हाळा तुम्ही माझ्या दारात छत्री उघडून उभे होतात. पावसाळाभर उभे होतात. मी टेप धरून देवळाशी. कसली सरासरी काढत होतात? मेस्त्रीला का परत पाठवत होतात? माझी गिऱ्हाइकं समोर जात होती आणि तुम्हाला ठाऊक होतं की काम संपलंय. एखाद्या परक्यानं असं केलं असतं तर मी त्याला पायरीवरून खाली उतरवला असता. कुणाला विचारू मी आता? नकाशावर कुठे क्लिक करू म्हणजे चौकट उघडेल?

परवा अक्काला माहेरी आणलं. दिवस झाल्यावर भावानं आणायचं असतं, तसं आणलं. पायरी चढताना ती जरा थांबली, मग दगडाच्या पुढे आलेल्या कोपऱ्याला वळसा घालून आत आली. संध्याकाळी मी तिला शारदा मॅडमचं सगळं सांगितलं. मला वाटलं, तीही चिडेल, आम्ही दोघं मिळून तुम्हाला बोलू. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘मला माहीत होतं.’’

‘‘मग मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘सांगितलं असतं तर तू रविवारी खाली उतरला असतास?’’

तिनं भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, ‘‘बंगळुरात एवढी वर्षं काढली. ऑफिस आणि घर. बोलायला कुणी नव्हतं रे त्यांना. तू भांडतोस, हे त्यांना फार आवडायचं. घरी येऊन तुझी नक्कल करायचे.’’

माझी नक्कल. म्हणजे मी देवळाच्या कोपऱ्याशी टेप धरून जे बडबडत होतो, ते तुम्ही बनशंकरीला जाऊन करून दाखवत होतात. हसवत होतात अक्काला. भाऊजी, तुम्हाला नुसतं यायचं होतं तर नुसतं यायचं होतंत. दगड कशाला लागतो? मेहुण्याकडे यायला कुणाला उपग्रह लागतात? या म्हटलं नसतं का मी? कॉफी दिली नसती का? रविवारी मला तरी दुसरं काय काम असतं.

तर काल सकाळी मेस्त्री आला आणि तसाच उभा राहिला, म्हणून मी म्हटलं, बघत काय राहिलात, चला. त्यानं विचारलं, ‘‘शुरू माडला, स्वामी?’’ सुरू करू का. मी म्हटलं, सरी. दिवाळी डोक्यावर आहे, नकाशाला दगड लागत नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी वाद सोडला असं तुम्हाला वाटायलाही नको. आवाज ऐकून अक्का खाली आली. मी तिला विचारलं, तिला विचारायलाच हवं होतं. ती म्हणाली, ‘‘फोडू दे. त्या दगडापायी माझे सगळे रविवार गेले.’’

मेस्त्रीनं छिन्नी काढली. फडकं पुन्हा डोक्याला बांधलं. तेवढ्यात अक्कानं पदर सावरला आणि पायरीवर बसली. पुढे आलेल्या कोपऱ्यावर, तुमचं स्टूल असायचं तिथे. मेस्त्री म्हणाला, ‘‘अक्का, स्वल्प बाजूला.’’ अक्का म्हणाली, ‘‘फोड की, मी कुठे नको म्हणतेय.’’ आणि उठली नाही. तिनं छान पाय लांब केले आणि गल्लीतून वर आकाशाकडे बघत बसली. मेस्त्री माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. समोरच्या काचेच्या दारात आम्ही तिघं दिसत होतो. ऊन तिच्या डोक्यावर आलं, तशी मी आतून तुमची छत्री आणली. शेवटच्या रविवारी तुम्ही ती झोळीत घालायची विसरलात. उघडून तिच्यावर धरली.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘मेस्त्री, मुंदिन भानुवारा.’’

त्यानं हत्यारं पाटीत भरली आणि पाटी खांद्यावर घेतली. वळताना त्याच कोपऱ्याला ठेचकाळला, अंगठा धरून वाकला, आणि तुमचं नाव घेऊन कन्नडात एक सणसणीत शिवी हासडली. मी अक्काकडे बघितलं. तिनं ती नीट ऐकली होती.

‘‘बरोबर आहे त्याचं,’’ ती म्हणाली.